जांभळ्या धाग्याचा रिपोर्ट

"मॅडम, माझं रेशीम खोटं हाय हे तुम्हाला कशात दिसलं, तेवढं मला दाखवा."

सॅम्पल घ्यायच्या खिडकीपाशी एक माणूस उभा होता. पन्नाशीचा, पांढरा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी. आवाज जरासुद्धा चढलेला नव्हता. आरडाओरडा करणारी माणसं मला चालतात. तीस वर्षांत अशी पुष्कळ पाहिली, दोन वाक्यांत गार करते. पण हा शांत होता, आणि शांत माणसापुढे माझं काही चालत नाही.

त्यानं मोबाइल खिडकीच्या काचेला लावला. स्क्रीनवर आमच्याच लॅबचा रिपोर्ट होता, आणि खाली सही माझी होती.

"तुम्ही कोण?" मी विचारलं.

"ज्यानं ती साडी विणली तो. शांताराम. येवल्याहून आलोय."

पुढचं सांगण्याआधी मी काय काम करते ते सांगते, कारण घरच्यांनाही अजून धड कळलेलं नाही. नाशिकला अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एक छोटी खासगी टेस्टिंग लॅब आहे. तिथं मी मायक्रोस्कोपवर बसते. बहुतेक काम कंपन्यांचं. मशीनच्या तेलात सापडलेला कण लोखंडाचा की वाळूचा, औषधाच्या बाटलीत तरंगणारा तंतू कापसाचा की प्लास्टिकचा, असलं. मधूनच घरगुती गिऱ्हाइकं येतात. कुणाला तिखटात विटेची पूड असल्याचा संशय, कुणाला साबुदाण्यात भेसळ असल्याचा. साध्या साध्या वस्तू भिंगाखाली ओळखू येतात. मिठाचे चौकोनी ठोकळे दिसतात, बटाट्याच्या पिठाचे दाणे शिंपल्यासारखे, कापसाचा तंतू पिळलेल्या फितीसारखा, आणि लोकरीला तर चक्क खवले असतात. "माणूस खोटं बोलेल, तंतू बोलत नाही," असं मी नव्या मुलींना शिकवताना मोठ्या तोऱ्यात सांगायचे. सांगायचे. आता सांगत नाही.

तर त्याआधी पाच दिवसांपूर्वी पाटणकर मॅडम आल्या होत्या. इंदिरानगरला राहतात, बँकेतून मॅनेजर म्हणून रिटायर झालेल्या. मुलीच्या लग्नासाठी त्यांनी शहरातल्या एका दुकानातून जांभळी पैठणी घेतली होती. लग्न महिन्यावर आलेलं. केळवणाच्या दिवशी कुणीतरी नातेवाईक बाईनं पदर दोन बोटांत धरला आणि म्हणाली, "अगं, ही सेमी आहे." सेमी म्हणजे अस्सल रेशमाची नाही, तसली चमक असलेल्या दुसऱ्या धाग्याची. झालं! मॅडमची झोप उडाली. एका छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत जांभळे धागे घालून त्या माझ्यासमोर हजर.

"साडीचे धागे आहेत. रेशीम आहे की नाही, तेवढं सांगा," त्या म्हणाल्या.

मी रजिस्टरमध्ये लिहिलं, "साडीचे धागे." आणि कामाला लागले. पुढचा एक प्रश्न विचारायला हवा होता, तो मी विचारला नाही. का नाही विचारला? शनिवार होता, दुपारपर्यंतच लॅब असते, मॅडम समोर बसून राहिल्या होत्या. आणि खरं सांगायचं तर आमच्या नणंदेला एकदा असंच फसवलेलं, तेव्हापासून पैठणी म्हटलं की माझ्या मनात आधी शंका येते. ही शंका घेऊनच मी भिंगाला डोळा लावला.

तंतू ओळखायची पद्धत सोपी आहे. धागा सुईनं मोकळा करायचा, काचपट्टीवर ग्लिसरीनचा थेंब ठेवायचा, त्यात चार-सहा तंतू ठेवून वर पातळ काच ठेवायची, आणि चारशेपट मोठं करून बघायचं. रेशीम गुळगुळीत दिसतं, आरपार. पाटणकर मॅडमच्या तंतूंवर लांबच लांब रेघा होत्या. मग मी आडवा छेद घेतला. त्यासाठी आमच्याकडे पत्र्याची एक पट्टी असते, तिला बारीक भोक. त्यातून तंतूंचा जुडगा ओढायचा आणि दोन्ही बाजूंनी ब्लेडनं सपाट कापायचा. भोकात अडकलेले तुकडे वरून बघितले की छेद दिसतो. रेशमाचा छेद त्रिकोणी असतो, कोपरे गोलावलेले. इथं कडा दातेरी. शेवटी एक धागा जाळून बघितला. रेशीम जळलं की केस जळाल्याचा वास येतो. ह्याला कागद जळाल्याचा आला.

तिन्ही गोष्टी एकच सांगत होत्या. मी लिहिलं: तंतू व्हिस्कोस रेयॉनचे आहेत, नमुन्यात रेशीम आढळले नाही. रेयॉन म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून बनवलेला चकचकीत धागा. बाजारात त्यालाच आर्ट सिल्क म्हणतात.

मॅडमनी कागद घेतला. "मला वाटलंच होतं," म्हणाल्या आणि ताडताड निघून गेल्या. मलाही बरं वाटलं. एका बाईची फसवणूक उघडकीला आणली म्हणून त्या दिवशी येताना मी घरी मिसळ घेऊन आले, एवढं बरं वाटलं.

आणि आता खिडकीत शांताराम.

मी त्याला आत बोलावलं, खुर्ची दिली. त्यानं बसल्या बसल्या सगळं सांगितलं, तेही मोजक्या शब्दांत. मॅडमनी रिपोर्ट दुकानात नेऊन आपटला. शेठनी त्याचा फोटो काढून विणकरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला, खाली शांतारामचं नाव घालून लिहिलं, "ह्याच्याकडचा माल बंद." शांतारामच्या घरात दोन माग. एकावर तो बसतो, दुसऱ्यावर बायको. दोन्हींवर ह्याच दुकानाच्या साड्या चढलेल्या.

"आज संध्याकाळी सहाला शेठनी दुकानात बोलावलंय," तो म्हणाला. "मागावरचं काम दुसऱ्याला देणार, आन् माझं नाव काढून टाकणार. त्यांनी काढलं की बाकीचेबी काढणार. गल्लीतली पोरं मला आत्ताच सेमीवाला म्हणाया लागलीत. वडलांपासून विणतोय मॅडम. बायको चार दिवस घराबाहेर नाय पडली."

पण माझ्या तीन टेस्ट एकमेकींशी जुळत होत्या, त्यामुळे मी मनातल्या मनात म्हटलं, प्रत्येक जण असंच म्हणतो.

तेवढ्यात देवरे सर दारात. हे आमच्या लॅबचे मालक. माणूस चांगला, पण सगळ्या जगात त्यांना दोनच गोष्टींची भीती: ऑडिट आणि वकिलाची नोटीस.

"सोनवणे मॅडम, जरा केबिनमध्ये."

केबिनमध्ये गेले.

"रिपोर्ट क्लायंटचा असतो. तिसऱ्या माणसाला क्लायंटचं सॅम्पल दाखवायचं नाही. नियम आहे."

"तो नियम मीच लिहिलाय सर."

"मग?"

"मग काय? येवल्याहून आलाय बिचारा. त्याला चहा तरी पाजू."

"चहा पाजा. मायक्रोस्कोप नको."

"क्लायंटचं सॅम्पल नको म्हणालात. त्याचा स्वतःचा धागा दाखवला तर?"

सरांनी कपाळाला हात लावला. आमच्याकडे ह्याचा अर्थ 'करा काय ते' असा होतो.

शांतारामच्या पिशवीत त्याच जांभळ्या रंगाची एक कांडी होती. कांडी म्हणजे आडवा धागा गुंडाळलेली छोटी नळी, विणताना धोट्यात बसवतात ती. त्यातला एक धागा मी काचपट्टीवर घेतला. गुळगुळीत, स्वच्छ. रेशीमच होतं. त्याला म्हटलं, या, बघा. आधी त्यानं भलताच डोळा मिटला, मग दोन्ही मिटले. मग त्याला स्वतःच्या पापण्याच दिसल्या. शेवटी जमलं.

"हे माझं रेशीम?"

"हो. अस्सल आहे."

तो बराच वेळ बघत राहिला. आयुष्यभर हाताळलेली वस्तू तो पहिल्यांदाच बघत होता. मग मान वर केली आणि माझ्याआधी तोच म्हणाला, "पण ह्याचा काय उपयोग? मी आज आणलंय. शेठ म्हणंल, दाखवायला चांगलं आणलं, साडीत दुसरंच घातलं."

बरोबर होतं त्याचं. मी पाटणकर मॅडमना फोन लावला.

"मॅडम, तुमची पैठणी विणणारे गृहस्थ आलेत. तुमच्या सॅम्पलमधले उरलेले धागे त्यांना दाखवू का? तुमची परवानगी लागते."

"दाखवा की! चांगले दाखवा! आणि त्याला तिथंच बसवून ठेवा, मी साडी घेऊन येते. त्याच्या पुढ्यात टाकते आणि विचारते, लाज नाही वाटली का?"

फोन इतका मोठ्यानं चालला होता की शांतारामला वेगळं काही सांगावं लागलं नाही.

कुठलंही सॅम्पल आम्ही सगळं संपवत नाही. उरलेलं पाकिटात घालून कपाटात ठेवतो, पुढं वाद झाला तर असावं म्हणून. ते पाकीट काढलं. शांतारामनं एक धागा उचलला, अंगठा आणि बोटामध्ये दोनदा फिरवला आणि खाली ठेवला.

"हे माझ्या हातचं नाय."

"अहो, बोटानं कळत असतं तर एवढी यंत्रं कशाला घेतली असती?" मी जरा फणकाऱ्यानंच म्हणाले.

"पीळ बघा ना ह्याचा. असला जाड धागा मी कुठं घालू? माझा काठ फुगंल."

त्याला खोटं पाडायचं म्हणून मी तो धागा दुसऱ्या मायक्रोस्कोपखाली ठेवला. हा कमी ताकदीचा असतो, वस्तू न कापता न भिजवता आहे तशी पंधरा-वीसपट मोठी दाखवतो. शनिवारी मी हा वापरलाच नव्हता. थेट चारशेपटीवर उडी मारली होती, हुशार ना!

आता बघा, कापडातून उसवलेला धागा कधी सरळ नसतो. एका धाग्याच्या वरून, दुसऱ्याच्या खालून गेलेला असतो, त्यामुळे त्याला बारीक लाटा पडतात. रात्रभर घातलेली वेणी सोडल्यावर केसांना पडतात तशा. ह्या धाग्याला एकही लाट नव्हती. धागा सरळसोट. फक्त एका जागी मुरड पडलेली, आणि तिथले तंतू चेपलेले, घट्ट आवळल्यासारखे. दुसरा धागा ठेवला. तीच मुरड, त्याच जागी. तिसरा. तीच.

हा विणलेला धागा नव्हताच. हा गाठ मारलेला धागा होता. साडीत गाठी कुठं असतात?

"गोंडे!" मी ओरडलेच. "अहो, हे गोंडे आहेत! पदराचे गोंडे!"

शांताराम माझ्याकडे बघतच राहिला. "गोंडे? पण मॅडम, मी गोंडे लावतच नाय. आमी पदराच्या टोकाचे उभे धागे मोकळे सोडतो. गिऱ्हाईक शहरात लावून घेतं, आपापल्या आवडीनं."

कर्म माझं! पस्तीस वर्षं साड्या नेसते मी. गेल्या दिवाळीत दोन साड्यांना गोंडे लावून घेतले. गोंडे लावणाऱ्या बाईकडे धाग्याची रिळं टांगलेली असतात, रेशीम म्हणून देते, आणि ते रेशीम नसतं हे मला पक्कं ठाऊक आहे. साडीचं नुकसान होऊ नये म्हणून मॅडमनी गोंड्यातले चार धागे कापून आणले होते, आणि मी त्यावरून अख्ख्या साडीचा निकाल लावला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी! आणि फाशी देणारी मी, सहीशिक्क्यानिशी.

मला वाटलं, शांताराम आता उड्या मारेल. तो मात्र चहाचा कप हातात धरून बाहेर पायरीवर जाऊन बसला. मी मागोमाग गेले.

"काय झालं? गोंडे तुमचे नाहीत, मग तुम्ही सुटलात की."

"सुटलो का?" तो म्हणाला. "ती कांडी आणली ना, ती नंतरच्या खेपेची. त्या साडीचं जांभळं सूत मी नव्या व्यापाऱ्याकडून घेतलं होतं. नेहमीच्या माणसाकडं तो रंग नव्हता. त्यानं मला फसवलं असंल तर? मी रेशीम म्हणून दिलं आन् निघालं भलतंच, तर?"

"तुम्हाला बोटाला कळतं ना?"

"कळत होतं. चार दिवसात बोटांवरचा पण भरवसा उडाला, ताई."

सकाळपासून मॅडम म्हणणारा माणूस एकदम ताई म्हणाला आणि मला भरून आलं. ते मी केलं होतं, दुसऱ्या कुणी नाही. चाळीस वर्षं रेशीम हाताळणाऱ्या माणसाच्या बोटांवरचा विश्वास माझ्या एका कागदानं घालवला होता. आणि तो म्हणत होता ते खोटं नव्हतं. साडी बघेपर्यंत मीही काही सांगू शकत नव्हते.

दोनच्या सुमाराला पाटणकर मॅडम आल्या. हातात साडीची पेटी, चेहऱ्यावर लढाई. त्यांनी तोंड उघडायच्या आत मी विचारलं, "मॅडम, पदराला गोंडे कुठं लावून घेतलेत?"

"आमच्या मागच्या गल्लीत एक बाई लावून देतात. मॅचिंग धागा त्याच आण..." त्या थांबल्या. बँकेत मॅनेजर होत्या, दोन आणि दोन चार करायला त्यांना वेळ लागला नाही. "म्हणजे मी दिले ते धागे..."

"त्या बाईंचे."

"पण मग मी काय करायला हवं होतं? मुलीच्या लग्नाची साडी कापून द्यायची का तुम्हाला?"

"नाही. धागे कुठून काढलेत हे मी विचारायला हवं होतं. चूक माझी आहे."

मागं देवरे सर खोकले. मी वळून बघितलं नाही.

मॅडम मट्कन खुर्चीत बसल्या. शांतारामकडे बघायचं त्यांनी टाळलं, मग बघितलं. "पण साडी तरी खरी आहे का?" त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"आता नीट करू," मी म्हटलं. "सगळ्यांसमोर."

टेबल पुसून त्यावर पांढरी चादर अंथरली. शांतारामनं बेसिनवर कोपरापर्यंत हात धुतले, कोरडे केले आणि मगच पेटीला हात लावला. साडी उलगडताना त्याचा चेहरा जरा सैल झाला. माहेरी आलेल्या लेकीकडे बघावं तसं त्यानं एकदा पदराकडं बघितलं. मॅडम ते बघत होत्या.

"धागा कुठला काढू?" मी त्यालाच विचारलं. हे त्याचं क्षेत्र.

"खोचायच्या टोकाचा. तिथं कडेला बीडिंग घातलीय, ती दोन बोटं उसवा. एक उभा, एक आडवा. साडीला कळायचंबी नाय."

त्यानं सुईनं अलगद एक उभा धागा काढला, मग एक आडवा जांभळा. मी दोन वेगळ्या पाकिटांत घातले. पाकिटांवर लिहिलं, कुठून काढला, कुणी काढला, कुणासमोर. तिघांच्या सह्या घेतल्या. देवरे सर म्हणाले, "माझीपण घ्या." बघा, भित्रा माणूस वेळेला असा उपयोगी पडतो.

आधी कमी ताकदीच्या भिंगाखाली बघितलं. दोन्ही धाग्यांना लाटा होत्या. म्हणजे हे विणलेले धागे होते.

मग उभा धागा, चारशेपट. गुळगुळीत, स्वच्छ. "उभा रेशीम आहे," मी म्हणाले. पण शांतारामला आणि मला माहीत होतं की भीती आडव्याची होती. नव्या व्यापाऱ्याचं सूत त्यातच होतं.

आडवा धागा ठेवला. फोकस केला, आणि मला एक रेघ दिसली.

एक लांब रेघ, तंतूच्या मधोमध. मागं शांताराम उभा होता, त्याचा श्वास मला ऐकू येत होता. बाई गं, आता ह्या माणसाला काय सांगू? असं वाटलं की डोळा वर उचलूच नये, संध्याकाळचे सहा वाजेपर्यंत असंच बघत बसावं.

मग बारीक स्क्रू थोडा फिरवला. अजून थोडा. रेघ सरकली आणि तिच्या जागी दोन तंतू वेगळे झाले. रेशमाचा किडा एका वेळी दोन तंतू सोडतो, ते शेजारी शेजारी चिकटलेले असतात. डिंक काढायला सूत उकळून धुतात, त्यात कधी कधी काही जोड्या सुटायच्या राहतात. मधली फट मला रेघ वाटली होती. दोन्ही तंतू गुळगुळीत होते, आरपार.

एकदा घाई करून बसले होते, आता नाही. पट्टीच्या भोकातून जुडगा ओढला, ब्लेड फिरवलं, भिंगाखाली घेतलं. त्रिकोण. गोल कोपऱ्यांचे, लहान-मोठे, एकमेकांना खेटून बसलेले त्रिकोणच त्रिकोण. एकाचीही कड दातेरी नाही.

"रेशीम," मी म्हणाले. मग सगळ्यांकडे वळून म्हणाले, "अस्सल रेशीम आहे. दोन्ही."

माझा जीव असा भांड्यात पडला म्हणून सांगू! देवरे सर म्हणाले, "जाळून पण बघा, राहायला नको." उरलेला आडवा धागा चिमट्यात धरून ज्योतीला लावला. केस जळाल्याचा वास सुटला. तीन मोठी माणसं नाकं पुढं करून तो घाणेरडा वास हुंगत होती आणि हसत होती. मॅडम तर म्हणाल्या, "काय छान!"

शांताराम हसत नव्हता. त्यानं परत एकदा बेसिनवर जाऊन तोंडावर पाणी मारलं. बराच वेळ मारलं. परत आला तेव्हा डोळे लाल होते. "नवा व्यापारीबी चांगलाच निघाला म्हणायचा," एवढंच बोलला.

नवा रिपोर्ट टाइप करायला बसले. देवरे सर शेजारी.

"'सुधारित रिपोर्ट' लिहा," ते म्हणाले.

"नाही सर. 'आधीचा रिपोर्ट रद्द' असं लिहिते."

"रद्द लिहिलं तर लॅबची चूक दिसते."

"आहेच."

"अहो, पण आधीचा रिपोर्ट चुकीचा कुठं होता? दिलेले धागे रेयॉनचेच होते. तळाला छापलंय की आपण, निकाल फक्त दिलेल्या नमुन्यापुरता."

"तळाला छापलंय ते मुंगीला वाचता येईल एवढ्या अक्षरात. आणि वर मी 'साडीचे धागे' लिहिलंय, ते ठळक. सर, तुम्ही सही करताय की मी घरी जाऊ?"

सरांनी सही केली. मग पेन बंद करून म्हणाले, "घरी कुठं जाताय? उद्या तेलाची बारा सॅम्पल आहेत."

रिपोर्ट शांतारामच्या हातात दिला. त्यानं तो नीट वाचला, इंग्रजी शब्द मला विचारून. मला वाटलं, आता आभार मानेल, मी संकोचेन, आणि संपेल. त्यानं कागद टेबलावर ठेवला आणि विचारलं, "पहिला कागद किती जणांनी बघितला असंल?"

"ते कसं कळणार?" मॅडम म्हणाल्या.

"ग्रुपवर सगळ्या विणकरांनी बघितला," तो म्हणाला. "तिथनं पुढं कुठं कुठं गेला, देवाला ठाऊक. हा कागद घेऊन मी काय दारोदार दाखवत फिरू? पहिला जिथं जिथं गेला, तिथं तिथं हा गेला पाहिजे. त्याला पाय तुम्ही लावले होते. ह्यालाबी तुम्हीच लावा."

राग नव्हता आवाजात. होता तो साधा हिशोब, आणि तो आम्हा दोघींना लागू होता.

मी कोऱ्या कागदावर मराठीत लिहिलं, माझ्या हातानं: "पैठणीबद्दलचा आमचा पहिला रिपोर्ट रद्द समजावा. तपासलेले धागे साडीचे नव्हते, नंतर शहरात लावलेल्या गोंड्यांचे होते. साडीतून सगळ्यांसमोर धागे काढून तपासले. साडी अस्सल रेशमाची आहे. नमुना कुठला, हे न विचारण्याची चूक माझी." खाली नाव, सही, लॅबचा शिक्का. देवरे सरांनी दुसरीकडे बघण्याचं पुण्य केलं. पाटणकर मॅडमनी त्याच्याखाली स्वतःची सही ठोकली, फोटो काढला आणि शेठना फोन लावला, स्पीकरवर.

"शेठ, मी पाटणकर. चूक झाली. साडी उत्तम आहे. तुम्हाला एक फोटो पाठवलाय, तो आत्ता, मी फोनवर असताना, त्या ग्रुपवर टाका."

"मॅडम, बघतो मी सवडीनं, आता गिऱ्हाइकं..."

"पहिला फोटो टाकायला सवड होती ना? मी थांबते."

बँकेच्या मॅनेजर किती थांबू शकतात, हे बहुतेक शेठना ठाऊक असावं. दोन मिनिटांत शांतारामच्या खिशातला मोबाइल वाजला. फोटो आला होता. त्याखाली पहिला निरोप एका विणकराचा होता, हात जोडलेले. मग दुसरा. मग ओळीनं येतच राहिले. तो एकेक नाव वाचत होता आणि हा कोण, तो कोण, आम्हाला सांगत होता.

सव्वापाचला मॅडम त्याला स्वतः रिक्षात घालून दुकानात घेऊन गेल्या. साडेसहाला शांतारामचा फोन आला. मागावरच्या दोन्ही साड्या त्याच्याकडेच राहिल्या. शेठनी दुकानात चार गिऱ्हाइकांदेखत माफी मागितली, म्हणजे मॅडमनी मागायला लावली. "ताई, आता बस पकडतो," तो म्हणाला. "तुमचं ते भिंग मात्र भारी हाय बरं का." माझ्यावर रागवायचा त्याला पूर्ण हक्क होता. तो माझ्या यंत्राचं कौतुक करत होता. फोन ठेवल्यावर मी लॅबमध्ये एकटी बसून रडले. दुःखानं नाही. वाचलो, एवढंच डोक्यात होतं. तो वाचला, आणि त्याच्यामागे मीही.

त्या दिवसापासून कानाला खडा. कुणीही पिशवी घेऊन आलं की मी आधी विचारते: हे कुठून काढलं, कुणी काढलं, कशानं काढलं. लोक वैतागतात. "तुम्ही तपासा ना, तुम्हाला कळेलच," म्हणतात. नाही कळत. भिंगाखाली काय ठेवलंय ते मी सांगू शकते. ते तिथं कुठून आलं, हे जगातल्या कुठल्याही भिंगातून दिसत नाही. त्याला तोंड उघडून विचारावं लागतं.